अहिराणी शब्दसंग्रहासाठी व्हिम: टर्मिनलमधील संपादकाची ओळख आणि मराठीसाठी जुळणी

घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडचे अहिराणी शब्द टिपून ठेवण्याचे काम आम्ही धुळ्यात वहीवर सुरू केले. वह्या वाढल्या तेव्हा ते संगणकावर आणले. पहिली यादी वर्ड प्रोसेसरमधील तक्त्यात केली होती. यादी काही हजार ओळींपर्यंत पोहोचल्यावर जुना संगणक तो तक्ता उघडतानाच धापा टाकू लागला, आणि कोणता शब्द दोनदा आला आहे हे शोधणे वहीपेक्षाही जिकिरीचे झाले. त्यानंतर आम्ही साधी मजकूर-फाइल वापरू लागलो. एका ओळीवर एक शब्द, मग टॅब, मग मराठी अर्थ, एवढीच तिची रचना आहे, आणि ती सांभाळण्यासाठी टर्मिनलमध्ये, म्हणजे केवळ कळा टंकून संगणकाला आज्ञा देण्याच्या खिडकीत, चालणारा व्हिम हा मजकूर-संपादक आम्ही निवडला. त्याची मराठीसाठी जुळणी कशी करावी, हे या लेखात सांगितले आहे. व्हिमवरील बहुतेक मार्गदर्शिका रोमन लिपीतील मजकूर गृहीत धरतात, त्यामुळे देवनागरीच्या अडचणी त्यांत आढळत नाहीत.

एक सूचना आधीच द्यावी लागेल. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकाव्यात. जिथे मोठे अक्षर हवे तिथे तसे सांगितले आहे. चिन्हे मात्र जशी दिसतात तशीच टंकावीत.

केवळ एखादी ओळ दुरुस्त करून बाहेर पडायचे असेल, तर नॅनो हा संपादक पुरेसा आहे. त्याच्या मुख्य आज्ञा पडद्याच्या तळाशी सतत दिसत राहतात, कंट्रोल-ओ दाबल्यावर फाइल जतन होते आणि कंट्रोल-एक्स दाबल्यावर बाहेर पडता येते. ज्याला महिन्यातून एकदाच टर्मिनल उघडावे लागते, त्याने व्हिम शिकण्याचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यादीवर रोज तासभर काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी.

व्हिमचा मूळ पूर्वज व्हीआय. तो बिल जॉय यांनी बर्कली येथे १९७६ च्या सुमारास लिहिला, तेव्हा टर्मिनल आणि मुख्य संगणक यांना जोडणारी मोडेमची तार इतकी मंद असे, की पडद्यावर एकेक अक्षर उमटण्याची वाट पाहावी लागे. कमीत कमी कळा दाबून जास्तीत जास्त काम व्हावे, हा त्याच्या आज्ञांमागचा विचार त्या मंद तारेतून आलेला आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून, मोबाइलच्या एका कांडीच्या जोडणीवर दूरच्या सर्व्हरवरील फाइल दुरुस्त करणाऱ्याला तो विचार आजही उपयोगी पडतो. ब्राम मोलेनार या डच प्रोग्रामरने १९९१ मध्ये व्हिम प्रसिद्ध केला आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत तो सांभाळला. रिकामा व्हिम उघडल्यावर युगांडातील गरीब मुलांना मदत करण्याचे जे आवाहन अधूनमधून दिसते, ते त्यांचेच आहे.

बसवणे आणि तपासणे

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर सुरुवातीला व्हिमची लहान आवृत्ती असते, आणि नवशिक्याची पहिली फसगत तिच्यामुळेच होते. तिच्यात लिहिताना बाणांच्या कळा दाबल्या की कर्सर हलण्याऐवजी ए, बी, सी, डी अशी अक्षरे उमटतात, आणि आपल्याला पुढे लागणारी कळनकाशाची, म्हणजे कोणत्या कळेने कोणते अक्षर उमटावे हे ठरवण्याची, सोयही तिच्यात नसते. म्हणून ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हिम’ ही आज्ञा देऊन पूर्ण आवृत्ती बसवावी. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांना अँड्रॉइड मोबाइलवर टर्मक्स हे टर्मिनलचे ॲप बसवून त्यात ‘पीकेजी इन्स्टॉल व्हिम’ देता येते. मात्र मोबाइलच्या पडद्यावरील कळफलक त्रासदायक असल्याने बाहेरून जोडता येणारा कळफलक घ्यावा.

बसवल्यावर ‘व्हिम --व्हर्जन’ ही आज्ञा द्यावी. जी लांबलचक यादी दिसेल तीत ‘कीमॅप’ या शब्दाआधी अधिकचे चिन्ह आहे ना, हे पाहावे. तिथे वजाचे चिन्ह असेल तर ती आवृत्ती आपल्या कामाची नाही. त्यानंतर व्हिम उघडून ‘:सेट एनकोडिंग?’ असे विचारावे आणि उत्तर यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीसह सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची पद्धत, असल्याची खात्री करावी.

अवस्थांचा विचार

व्हिममध्ये कळ दाबली की अक्षर उमटेलच असे नाही. फाइल उघडते तेव्हा आपण आज्ञेच्या अवस्थेत असतो, आणि तिथे प्रत्येक कळ ही एक आज्ञा असते: एक्स दाबल्यास कर्सरखालचे अक्षर पुसले जाते, डी दोनदा दाबल्यास सबंध ओळ जाते, वाय दोनदा दाबल्यास ओळीची नक्कल घेतली जाते, पी दाबल्यास ती खाली उतरते, आणि यू दाबल्यास झालेली चूक मागे घेता येते. लिहिण्यासाठी आय दाबून लेखनाच्या अवस्थेत जावे लागते. ओ दाबल्यास खाली नवी ओळ उघडून तीच अवस्था मिळते. लिहून झाले की एस्केप दाबून परतावे. जतन करण्यासाठी ‘:डब्ल्यू’, बाहेर पडण्यासाठी ‘:क्यू’ आणि केलेले बदल टाकून देऊन बाहेर पडण्यासाठी ‘:क्यू!’ द्यावे. सवयीने कंट्रोल-एस दाबले गेले आणि पडदा गोठला, तर संगणक बिघडला असे समजू नये. ती टर्मिनलची जुनी रीत आहे आणि कंट्रोल-क्यू दाबल्यावर पडदा पुन्हा जिवंत होतो. बाकीच्या हालचालींसाठी ‘व्हिमट्यूटर’ ही आज्ञा द्यावी. त्यातील पाठ अर्ध्या तासात पुरा होतो, त्यामुळे तो इथे पुन्हा लिहीत नाही.

मराठी लिहिणाऱ्याची अडचण इथूनच सुरू होते. संगणकाचा मराठी कळफलक चालू ठेवून ‘आंडेर’ लिहिले, एस्केप दाबले आणि ओळ पुसण्यासाठी डी दोनदा दाबला, तर व्हिमपर्यंत डी पोहोचतच नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलक-मांडणीत त्या कळेवर हलंत आहे, म्हणून व्हिमला हलंत मिळतो आणि तो काहीच करीत नाही. प्रत्येक आज्ञेआधी कळफलक बदलायचा आणि आज्ञेनंतर पुन्हा बदलायचा, असे दोन दिवस केल्यावर बहुतेक जण व्हिम सोडून देतात. त्यावर उपाय असा की मराठी कळफलक संगणकाकडे न ठेवता व्हिमच्याच स्वाधीन करावा. म्हणजे तो केवळ लेखनाच्या अवस्थेत मराठी अक्षरे देतो आणि एस्केप दाबताच सर्व कळा आपोआप रोमन होतात.

आपला कळनकाशा

संगणकावरील आपल्या घरच्या (होम) फोल्डरमध्ये ‘.व्हिम’ आणि त्यात ‘कीमॅप’ असे फोल्डर करून तिथे ‘मराठी.व्हिम’ या नावाची फाइल तयार करावी. फाइलचे नावही रोमन लिपीतच ठेवावे. पहिल्या ओळीत ‘स्क्रिप्टएनकोडिंग यूटीएफ-८’ आणि दुसऱ्या ओळीत ‘लोडकीमॅप’ लिहावे. त्याखाली प्रत्येक ओळीवर आधी रोमन अक्षर, मग रिकामी जागा, मग त्या कळेवर हवे असलेले देवनागरी अक्षर, अशा जोड्या लिहीत जावे. लहान के समोर क, मोठ्या के समोर ख, लहान जी समोर ग, मोठ्या जी समोर घ, अशी उच्चारानुसारी मांडणी आम्ही ठेवली आहे. हलंतासाठी आम्ही एफ ही कळ दिली, कारण एफचा आवाज अहिराणीत आम्हांला क्वचितच लागतो. ज्यांचा हात इनस्क्रिप्टवर बसलेला आहे त्यांनी तीच मांडणी उतरवून काढावी. ळ, ऱ आणि अनुस्वार यांना सोयीच्या कळा आधीच राखून ठेवाव्यात, कारण यादी अर्धी झाल्यावर कळा बदलणे बोटांना जड जाते. ही एक फाइल लिहिताना मात्र संगणकाचा मराठी कळफलक वापरावाच लागेल. ते काम एकदाच करायचे आहे.

आता मुख्य जुळणीची फाइल. घरच्या फोल्डरमध्ये ‘.व्हिमआरसी’ नावाची फाइल असते किंवा नसते. नसल्यास तयार करावी. इथे एक खाचखळगा आहे. आपली फाइल नसते तेव्हा व्हिम स्वतःची काही सोयीची मूल्ये आपोआप वापरतो, आणि आपण एका ओळीची जरी फाइल तयार केली तरी ती मूल्ये वापरणे तो थांबवतो. परिणामी जुळणी सुधारायला गेलेल्याला रंग नाहीसे झालेले दिसतात. म्हणून पहिली ओळ ती मूल्ये परत मागवणारी असावी:

सोर्स $व्हिमरनटाइम/डिफॉल्ट्स.व्हिम
सेट एनकोडिंग=यूटीएफ-८
सेट नंबर
सेट लाइनब्रेक
सेट टॅबस्टॉप=२०
सेट डेलकंबाइन
सेट मॅक्सकंबाइन=४
सेट अनडूफाइल
सेट अनडूडिर=~/.व्हिम/अनडू
सेट कीमॅप=मराठी
सेट आयएमइन्सर्ट=०

पहिल्या ओळीतील व्हिमरनटाइम हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा. ‘डेलकंबाइन’मध्ये डिलीट या शब्दाची पहिली तीन अक्षरे आणि त्यांना जोडून कंबाइन असे लिहावे. शेवटच्या दोन ओळींचा क्रम बदलू नये, कारण कळनकाशा निवडताक्षणी व्हिम मराठी चालू करून टाकतो. त्यानंतरची ओळ ते बंद करून ठेवते, म्हणजे प्रत्येक फाइल रोमन कळांसह उघडते. लेखनाच्या अवस्थेत कंट्रोल आणि ६ ही कळ एकत्र दाबली की मराठी सुरू होते आणि पुन्हा दाबली की बंद होते; काही टर्मिनलांत त्यासोबत शिफ्टही दाबावी लागते. तिरक्या रेघेने शोध घेताना आणि कोलनच्या ओळीत शब्द लिहितानाही हीच जोडी चालते. ‘अनडू’चे फोल्डर व्हिम स्वतः तयार करीत नाही, ते आपण हाताने करावे. ते असल्यास फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली तरी कालचे बदल यू दाबून मागे घेता येतात.

इंटरनेटवर मिळणारी दोनशे ओळींची तयार जुळणी उचलून आणू नये. तिच्यातील कोणती ओळ काय करते हे कळत नसल्यास बिघाड शोधताना आपण तिचे गुलाम होतो. शोधताना लहान-मोठी अक्षरे एक मानणारी ओळ अशा प्रत्येक जुळणीत असते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरेच नसल्याने आपल्याला तिचा उपयोग शून्य आहे.

मात्रा पुसणे आणि शब्द शोधणे

अहिराणीत आंडेर म्हणजे मुलगी आणि आंडोर म्हणजे मुलगा. दोन्ही शब्दांत फरक एका मात्रेचा आहे, आणि घाईत लिहिताना तीच चुकते. व्हिमच्या मूळ जुळणीत डे वर कर्सर ठेवून एक्स दाबल्यास मात्रेसह सगळा डे जातो, कारण मात्रा, अनुस्वार आणि हलंत यांना व्हिम स्वतंत्र अक्षरे न मानता आधीच्या अक्षराला चिकटलेल्या खुणा मानतो. ‘डेलकंबाइन’ चालू असल्यास केवळ मात्रा पुसली जाते आणि ड जागेवर राहतो. मग ए दाबून नवी मात्रा द्यावी. ‘मॅक्सकंबाइन’ची ओळ अशासाठी की एरवी व्हिम एका अक्षरावरच्या दोनच खुणा दाखवतो, तिसरी फाइलमध्ये असते, पण पडद्यावर दिसत नाही.

शोधाच्या बाबतीत याच समजुतीचा परिणाम अधिक गंभीर होतो. ‘/घर’ असा शोध घेतल्यास व्हिमला ‘घरमा’ आणि ‘घरले’ हे अहिराणी शब्द सापडतात, पण ‘घरात’ आणि ‘घरी’ हे मराठी शब्द सापडत नाहीत. अहिराणीचे प्रत्यय मोकळ्या र ला लागतात, तर मराठीत र ला मात्रा येते, आणि मात्रा लागलेला र हा व्हिमच्या लेखी मोकळ्या र हून निराळा आहे. हे लक्षात येईपर्यंत आम्ही अर्थाच्या स्तंभातील कित्येक नोंदी ‘नाहीत’ असे समजून दुसऱ्यांदा लिहिल्या. यावर दोन उपाय आहेत. शोधशब्दाच्या शेवटी ‘\%सी’ जोडावे, त्यातील सी मोठा असावा. म्हणजे त्या शेवटच्या अक्षरावर कोणतीही मात्रा असली तरी चालते, आणि घर, घरी, घरात, घरमा हे सगळे हाती येतात. जुन्या आवृत्तीत ही खूण चालत नसल्यास मोठा झेड घेऊन ‘\झेड’ जोडावे. ती सर्वच अक्षरांवरच्या सर्व खुणांकडे दुर्लक्ष करते, त्यामुळे घर शोधताना घोरही पुढे येतो. हा सैलपणा एरवी त्रासाचा वाटतो, परंतु ‘/आडर\झेड’ असा शोध घेतल्यास आंडेर, आंडोर आणि अनुस्वार विसरून लिहिलेली रूपे एकत्र सापडतात. शब्दसंग्रह तपासणाऱ्याला याहून चांगली चाळणी मिळणार नाही.

सुटा शब्द हवा असल्यास त्याला ‘\<’ आणि ‘\>’ यांच्या कुंपणात ठेवावे. ‘शे’ म्हणजे आहे. नुसता शे शोधला तर प्रत्येक शेत आणि शेतकरी मध्ये येतो, ‘/\<शे\>’ असा शोधला तर केवळ शे मिळतो.

शोध फसण्याचे आणखी एक कारण ऱ हे अक्षर आहे. ‘करी ऱ्हायना’ यातील अर्धा ऱ संगणकावर तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलंत देऊन, र ला खाली नुक्ता (टिंब) आणि मग हलंत देऊन, किंवा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसू शकतात, पण शोधात ती तीन वेगवेगळी रूपे आहेत. वेगवेगळ्या मोबाइलवरून आलेल्या याद्या एकत्र केल्या की हा घोळ हमखास होतो. शंका आल्यास कर्सर त्या अक्षरावर ठेवून जी आणि ए या कळा एकापाठोपाठ दाबाव्यात. तळाशी त्या अक्षराचे आणि त्याला चिकटलेल्या खुणांचे संकेतांक, म्हणजे संगणकाने त्यांना दिलेले क्रमांक, दिसतात. ऱ चा संकेतांक ०९३१ आहे, र चा ०९३० आणि नुक्त्याचा ०९३सी. न दिसणारे जोडचिन्ह लिहिण्यासाठी लेखनाच्या अवस्थेत किंवा कोलनच्या ओळीत कंट्रोल-व्ही, मग यू, मग २००डी असे टंकावे. रूपे ओळखल्यावर ‘:%एस/नको असलेले रूप/हवे असलेले रूप/जीसी’ ही आज्ञा द्यावी. शेवटच्या सी मुळे प्रत्येक बदलाआधी व्हिम विचारणा करतो. वाय म्हणजे होय, एन म्हणजे नको. एकरूपतेसाठी आम्ही पहिला प्रकार ठेवला आहे.

याच आज्ञेने इतर साफसफाईही होते. कोणी टॅबऐवजी आडवी रेघ दिली असल्यास ‘:%एस/ - /\टी/’ दिल्यावर तिथे टॅब येतो. रिकाम्या ओळी ‘:जी/^$/डी’ ने जातात.

पडद्यावर जोडाक्षरे तुटलेली दिसली, म्हणजे ‘बठ्ठा’मधील दोन ठ हलंतासह वेगळे उभे राहिले, तर तो टर्मिनलचा दोष आहे, फाइलचा नव्हे. बऱ्याच टर्मिनलांत देवनागरीची जोडणी नीट होत नाही. अनेक लिप्यांसाठीच तयार केलेले एमएलटर्म हे टर्मिनल वापरून पाहावे, आणि शंका राहिल्यास तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडावी; तिथे शब्द नीट दिसला तर निश्चिंत राहावे. तुटलेले दिसते म्हणून हलंत पुसत बसणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

क्रम लावणे

‘:सॉर्ट’ दिल्यावर सगळी यादी क्षणात क्रमाने लागते, आणि ‘:सॉर्ट यू’ दिल्यास हुबेहूब सारख्या ओळींपैकी एकच राहते. मात्र हा क्रम संकेतांकांचा आहे, वर्णमालेचा नाही. संकेतांकांत ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, तर आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. क्ष हा क च्या आणि ज्ञ हा ज च्या जोडाक्षरांत मिसळतो. रोजच्या कामाला आणि पुनरावृत्ती काढायला हा क्रम पुरेसा आहे. छापण्यासाठी क्रम लावताना या अक्षरांच्या नोंदी हाताने योग्य जागी न्याव्या लागतात: मोठा व्ही दाबून ओळी निवडाव्यात, डी ने उचलाव्यात आणि योग्य जागी पी ने ठेवाव्यात.

वीज गेल्यावर

उन्हाळ्यात भारनियमन सुरू झाले की फाइल उघडी असताना वीज जाणे हे ठरलेलेच. व्हिम या बाबतीत बराच भरवशाचा आहे: दोनशे अक्षरे टंकली गेली की, किंवा चार सेकंद हात थांबला की, तो न जतन केलेला मजकूर एका लपलेल्या फाइलमध्ये उतरवून ठेवतो. वीज परत आल्यावर तीच फाइल उघडल्यास लक्ष वेधणारी एक लांब सूचना दिसते आणि खाली पर्याय येतात. घाबरून काहीही दाबू नये. आधी ती फाइल दुसऱ्या खिडकीत किंवा दुसऱ्या कोणाकडे उघडी नाही ना हे पाहावे, कारण सूचना त्या कारणानेही येते. नसल्यास आर दाबावा, म्हणजे वाचलेला मजकूर समोर येतो. तो लगेच मूळ फाइलवर न लिहिता ‘:डब्ल्यू’ पुढे दुसरे नाव देऊन जतन करावा, मूळ फाइलशी ताडून पाहावा, आणि मगच मूळ फाइलच्या जागी ठेवावा. शेवटी ‘.एसडब्ल्यूपी’ने संपणारी ती लपलेली फाइल पुसून टाकावी. ती पुसायची राहिली तर हीच सूचना पुन्हा पुन्हा येत राहते, आणि कधीतरी आपण पुन्हा आर दाबून आठवडाभरापूर्वीचा जुना मजकूर आजच्या कामावर परत आणून ठेवतो.